शंकरपटात भोंगे वाढले, तरी आवाज कळत का नाही?

कापसाचा शेवटचा वेचा संपत आला की सीमेवरच्या गावांना पटाचे वेध लागतात. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनद, तामसी आणि पलीकडे पांढरकवडा, झरी जामणी, वणी. शंकरपट कुठे भरणार याची बातमी नदीच्या दोन्ही काठांवर सारखीच फिरते. जोड्या टेम्पोतून येतात, शौकीन मोटारसायकलवर येतात. मैदानात भोंगेही भरपूर असतात. पण धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, की आता कोणती जोडी सुटणार आहे, तर उत्तर ठरलेलं असतं: "आवाज तर लय येते, पण काय बोलतात ते समजत नाही."

हा प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. पटात जोडी काही सेकंदांत पट्टी पार करते. "बाजूला व्हा" ही सूचना कळली नाही तर दोराच्या आत आलेल्या पोराला मागे व्हायला वेळच मिळत नाही. निकालाचंही तेच. आता वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळावर, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. पुकारलेला आकडा चुकीचा ऐकू गेला की वाद सुरू होतो आणि पंचांवर शंका घेतली जाते.

अ‍ॅम्प वाढवून का भागत नाही

आवाज कमी पडला की पहिला उपाय ठरलेला: मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणा, बटण पूर्ण फिरवा. नेमकं इथेच गणित चुकतं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. उलट अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे दुप्पट लांब तोच आवाज पोचवायला ताकद चौपट लागते.

उदाहरण घेऊ. समजा एका भोंग्यापासून १ मीटरवर १२० डेसिबल आवाज आहे. तोच ३२ मीटरवर ९०, ६४ मीटरवर ८४, १२८ मीटरवर ७८ आणि २५६ मीटरवर ७२ होतो. पटातल्या गर्दीचा आणि जनरेटरचा गोंगाट ७५ डेसिबल धरला, तर ६४ मीटरपर्यंत बोलणं ठीक कळतं, १२८ मीटरवर ओढाताण होते आणि २५६ मीटरवर ते गर्दीत बुडून जातं. बोलणं सहज समजायला ते गोंगाटापेक्षा निदान १० डेसिबलने वर असावं लागतं.

आता तिथे, २५६ मीटरवर, ८४ डेसिबल पोचवायचे ठरवले तर ताकद १६ पट करावी लागेल. लांबच्या माणसाला कसंबसं कळेल, पण भोंग्याजवळ बसलेल्यांचे कान दुखतील आणि जवळच बांधलेले बैल बुजतील.

त्याऐवजी तोच आवाज वाटून द्यावा. २४० मीटरच्या पट्टीला दर ६० मीटरवर एक असे चार भोंगे लावले, तर प्रत्येक भोंग्याला दोन्ही बाजूंना फक्त ३० मीटर सांभाळायचे असतात. प्रत्येकाचा आवाज कमी ठेवूनही शब्द नीट पोचतो. प्रेक्षक पट्टीच्या दोन्ही बाजूंना असतील तर दोन्ही बाजूंना अशी रांग लावावी. भोंग्यांची संख्या बहुतेक ठिकाणी तेवढीच असते. फरक एवढाच, की ते सगळे स्टेजच्या एका बांबूवर बांधलेले असतात.

एकच शब्द दोनदा ऐकू येणे

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांना दोन मोठे भोंगे समोरासमोर लावले तर जवळच्या भोंग्याचा शब्द आधी येतो आणि लांबच्याचा जवळजवळ एक सेकंदाने मागून येतो. दोन आवाजांत सेकंदाच्या विसाव्या भागाइतकं, म्हणजे साधारण १७ मीटरचं अंतर पडलं की कानाला ते वेगळे जाणवू लागतात. त्यापुढे "जोडी जोडी नंबर नंबर" असा गोंधळ होतो.

म्हणून भोंगे समोरासमोर लावू नयेत. पट्टीच्या दोराजवळ, तीन मीटरच्या आसपास उंचीवर, पाठ पट्टीकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे किंचित खाली झुकवून बांधावेत. त्यामुळे माणसाला मुख्यतः जवळच्याच भोंग्याचा आवाज येतो, आणि बैल भोंग्याच्या मागे राहतात. बैलांना माणसापेक्षा बारीक, तीव्र आवाज जास्त ऐकू येतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तर गाईबैलांचा साधारण ३५ पर्यंत. माइकची "कुईईई" आपल्याला नुसती त्रास देते, सुटायच्या रेषेवर उभी असलेली जोडी मात्र बिचकून उधळू शकते.

ती शिट्टी का वाजते? भोंग्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर पडतो आणि चक्र सुरू राहतं. माइक नेहमी भोंग्यांच्या पाठीमागे ठेवावा, ओठांपासून तीन-चार बोटांवर धरावा आणि त्याच्या जाळीवर हात ठेवू नये. वाऱ्याची फरफर थांबवायला जाळीवर स्पंजची टोपी पुरते. माइक जवळ धरला की अ‍ॅम्पचं बटण आपोआप खाली आणता येतं.

"बावन्न" की "बासष्ट"?

शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे: स, ट, त, क, च. व्यंजनांची ताकद कमी असते आणि गोंगाटात आधी तीच हरवतात. "आ", "ओ" हे स्वर मात्र लांबपर्यंत जातात. म्हणूनच लांबून आवाज येतो, अर्थ येत नाही.

मराठी आकड्यांत याचा फटका जास्त बसतो. बावन्न, बासष्ट, बहात्तर यांची सुरुवात सारखी. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतही फरक शेवटीच आहे. "सहा पूर्णांक बावन्न" असं पुकारलं तर अर्ध्या मैदानाला "बासष्ट" ऐकू जाऊ शकतं. उपाय सोपा आहे: आकडे सुटे म्हणावेत. "सहा. पाच. दोन." आणि एकदा पुन्हा तेच. जोडीच्या मालकाचं नाव सांगायचंच, पण आधी जोडीचा क्रमांक सांगावा.

अ‍ॅम्पवरही दोन गोष्टी कराव्यात. बोलण्यासाठी बेस कमी करावा आणि ट्रेबल थोडा वाढवावा. भोंगा तसाही खालचे सूर नीट काढत नाही, नुसता गुरगुरतो. दुसरं म्हणजे इको बंद करावा. भजनाला, गाण्याला इको शोभतो. पुकारताना तो प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर टाकतो. समालोचकाला इकोत आपला आवाज भारदस्त वाटतो, म्हणून तो बंद करायला सहसा कोणी धजत नाही. निदान सूचना आणि निकालापुरता तरी तो बंद ठेवावा.

वायरमध्ये हरवणारी ताकद

भोंगे पसरायचे म्हटलं की साउंडवाल्याची पहिली हरकत असते: "एवढ्या लांब वायर नेली तर आवाज पडते." हरकत खरी आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरला साधारण १२ ओहम रोध असतो. ३०० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे ७ ओहमच्या वर. पुढे भोंग्यांचा भार ४ ओहमचा असेल तर अर्ध्याहून जास्त ताकद वायरमध्येच जळते.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे १०० व्होल्टची लाइन. अ‍ॅम्पवर "१०० व्होल्ट" लिहिलेला खटका असतो आणि प्रत्येक भोंग्याला छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो. रेल्वे स्टेशनवरची व्यवस्था अशीच असते. त्याच वायरवर २०० वॉटचा भार चालवला तर नुकसान साधारण १३ टक्क्यांवर येतं. सगळ्या भोंग्यांचे वॉट मिळून अ‍ॅम्पच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावेत. ही लाइन झटका देऊ शकते, त्यामुळे जोड उघडे ठेवू नयेत आणि वायर बैलांच्या पायाखालून नेऊ नये.

ट्रान्सफॉर्मर नसतील तर भार मोजूनच जोडावा. १६ ओहमचे चार भोंगे समांतर जोडले की ४ ओहम होतात, आठ जोडले की २. बहुतेक अ‍ॅम्प २ ओहमला तापून बंद पडतात किंवा जळतात. शेजारच्या दोन भोंग्यांपैकी एकाच्या वायरी उलट्या लागल्या तर मधल्या जागेत दोघांचे आवाज एकमेकांना खातात. म्हणून प्लस-मायनसला रंगीत टेप लावून ठेवावी.

मराठी आणि तेलुगू, दोन्ही

सीमेवरच्या मैदानात एका भाषेत पुकारून भागत नाही. मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी बोलणारे एकाच दोराला टेकून उभे असतात. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत किंवा जैनदच्या यात्रेतही हेच चित्र दिसतं. सूचना छोटी असावी आणि भाषांचा क्रम ठरलेला असावा. "बाजूला व्हा. पक्ककु जरगंडि." एवढं पुरे. लांबलचक वाक्य दोन भाषांत म्हणेपर्यंत जोडी पोचलेली असते.

सुटण्याच्या रेषेवर सूचनेसाठी वेगळा माइक असावा. तो चालू झाला की समालोचकाने थांबायचं, हे सकाळीच ठरवून घ्यावं. लाइट गेली किंवा जनरेटर बंद पडला तर दोन्ही टोकांना बॅटरीवर चालणारा एकेक हातातला भोंगा तयार हवा.

नियम दोन्ही राज्यांत सारखे

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० हे केंद्राचे नियम आहेत, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांना लागू आहेत. भोंग्यासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं.

आदिलाबादच्या थंडीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुपारी तापलेल्या जमिनीमुळे आवाज वर वळतो आणि लांब पोचत नाही. संध्याकाळी जमीन थंड झाली की तोच आवाज खाली वळून दूरच्या वस्तीपर्यंत जातो. दुपारी ठेवलेलं बटण सूर्य मावळताना खाली आणावं.

शर्यतीच्या परवानगीचं मात्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी जो निकाल दिला, तो तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी केलेल्या कायदा-दुरुस्त्यांबद्दल होता. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि ठरवलेल्या अटी पाळाव्या लागतात. महाराष्ट्रात चालतं म्हणून तेलंगणात आपोआप चालेल असं धरून चालू नये. आयोजकांनी आधी जिल्हा प्रशासनाला विचारावं.

आदल्या दिवशी अर्ध्या तासाची तपासणी

यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही. एकाने माइकवर वीस आकडे सुटे न करता म्हणावेत: बावन्न, सदुसष्ट, एकोणसत्तर. दुसऱ्याने कागद-पेन घेऊन पट्टीभर पाच ठिकाणी उभं राहून ऐकू येतील तसे लिहावेत. प्रत्येक ठिकाणी आकडे बदलावेत, आणि जनरेटर चालू ठेवावा. जिथे वीसपैकी अठरापेक्षा कमी बरोबर आले, तिथला भोंगा फिरवावा, जवळ आणावा किंवा इको, बेस तपासावा. बटण वाढवणं सगळ्यात शेवटी.

रिकाम्या मैदानात बरोबर आलेला आकडा गर्दीत थोडा कमी होतोच. म्हणून पहिल्या चार-पाच जोड्या सुटल्यावर समितीतल्या एकाने पुन्हा शेवटच्या टोकाला जावं आणि तिथल्या माणसांना एवढंच विचारावं: "आत्ता कोणता नंबर पुकारला?"