वाडा : लाकडी सांगाडा व विटांचे आवरण

महाराष्ट्रातील पारंपरिक वाड्यांच्या बांधणीतील एक प्रकार. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव, जामगाव (ता. पारनेर) इ. ठिकाणी मराठेशाहीतील वाडे आहेत. सालबाईच्या तहानंतर (१७८२) रघुनाथराव पेशवे कोपरगावी राहिले व तेथेच १७८३ मध्ये मरण पावले. जामगावचा वाडा महादजी शिंदे यांच्या नावाने ओळखला जातो.

जुन्या वाड्यात छपराचा भार मुख्यतः सागवानी सांगाडा वाहतो. दगडी जोत्यावर तळखडे बसवून त्यांवर खांब उभे करीत. तळखड्यामुळे खांबाचा बुंधा ओलीपासून दूर राहतो. खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यांवर तुळई, तुळईवर कड्या व कड्यांवर फळ्या (कडीपाट) असा क्रम असे. दोन खांबांमधील गाळा म्हणजे खण. घराचा विस्तार खणांतच सांगितला जाई. पठारी भागात पाऊस बेताचा असल्याने कडीपाटावर मातीचे जाड धाबे घालीत. ते उन्हाळ्यात घर थंड ठेवते. मात्र त्याचे वजन मोठे, म्हणून कड्या जवळजवळ लावीत.

खांबांमधील भिंती पुष्कळदा पांढरीच्या मातीच्या वा कच्च्या विटांच्या असत. भिंत पावसाने झिजली किंवा धन्याची ऐपत वाढली, म्हणजे तिच्या बाहेरच्या अंगास चुन्यात बसविलेल्या भाजक्या विटांचा थर देत. मग खांब भिंतीच्या पोटात दडतात आणि वाडा विटांचाच भासतो. केवळ दर्शनी भागावरून अशा वास्तूचा काळ ठरविणे फसवे होय. त्यासाठी चौकाकडील खांब व कडीपाटाचे सांधे तपासावे लागतात. खिडक्यांच्या रांगा खणांशी जुळत नसतील, तर दर्शनी भिंत मागाहून चढविली असण्याचा संभव अधिक.

आवरणाची विटांची भिंत व मागील माती यांना बांधणाऱ्या आडव्या विटा पुरेशा नसल्यास बाहेरचा थर फुगून सुटतो. याहून मोठा धोका ओलीचा. चुना ओल बाहेर जाऊ देतो; अलीकडे दुरुस्तीत सर्रास वापरला जाणारा सिमेंटचा गिलावा ती कोंडतो. झाकलेला खांब मग बुंध्याशी कुजतो आणि भिंत बाहेरून धडधाकट दिसत असतानाच धाबे खचू लागते. दुरुस्तीपूर्वी तळखड्यालगतचा गिलावा थोडा काढून लाकूड टोचून पाहणे, हाच त्यावर साधा उपाय.

आगीपासून मात्र विटांचे आवरण लाकडाला फारसे वाचवीत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यातील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. दगडविटांचा तट व जोती तेवढी उरली.