जवळचा रस्ता लांब का? – कोड्यांविषयी थोडेसे

(सिनेगॉगच्या सभागृहात शब्बाथ संपल्यावर, हावदालानंतर झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून काहींच्या मनात आले असेल की, या पवित्र वास्तूत कोडी आणि उखाणे यांचे काय प्रयोजन? ते सांगण्यापूर्वी एक कोडे घालण्याची परवानगी असावी. एक बाई रोज सकाळी नऊ वार अंगावर घेते आणि हसतमुखाने घराबाहेर पडते. तिला जखम कशी होत नाही?

वडीलधाऱ्या भगिनी हसल्या, म्हणजे उत्तर त्यांना मिळाले. तरुण मंडळी मात्र अजून तलवारच शोधीत आहेत. बाईने अंगावर घेतले ते नऊ वारांचे लुगडे! ‘वार’ म्हणजे घाव, ‘वार’ म्हणजे आठवड्याचा दिवस आणि ‘वार’ म्हणजे कापड मोजण्याचे माप. ‘अंगावर घेते’ हे शब्द ऐकताच आपले मन पहिल्या अर्थाकडे धावते आणि तिसऱ्या अर्थाचा दरवाजा आपल्याच हाताने लावून घेते. कोडे घालणाऱ्याने काहीही लपविलेले नसते. लपवितो तो ऐकणारा, आणि तेही स्वतःपासून.

हे कोडे माझ्या मातोश्रींचे. नव्वदीला टेकल्या होत्या. कोकणात जन्म, मुंबईत संसार आणि उतारवय या भूमीत. माझा नातू अकरा वर्षांचा, इब्रीत वाढलेला. शुक्रवारी रात्री दोघे एकाच मेजावर बसत. पण ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ यापुढे संभाषण जात नसे. एके दिवशी मातोश्रींनी त्याला हे कोडे घातले. त्याने घाबरून मला विचारले की, पणजीला कोण मारते? मी भाषांतर करू लागलो आणि कोडे तेथेच मेले, कारण इब्रीत दिवसाला एक शब्द, घावाला दुसरा आणि मापाला तिसरा. शेवटी पेटीतले लुगडे बाहेर काढले. पणजी व पणतू यांनी ते दिवाणखान्यात पसरून हाताने मोजले, तेव्हा कोठे त्याला हसू आले.

पुढच्या शुक्रवारी त्याने परतफेड केली. प्रत्येक माणसाजवळ जन्मापासून दोन ‘काफ’ असतात, तरी जेवायला बसल्यावर तो तिसरी का मागतो? इब्रीत ‘काफ’ म्हणजे तळहात आणि ‘काफ’ म्हणजे चमचाही. मातोश्रींनी बराच वेळ विचार केला, मग दोन्ही तळहात वर करून म्हणाल्या, “आम्ही तिसरी मागतच नव्हतो, हाताने जेवत होतो!” उत्तर चुकले नाही, उलट कोडे घालणाराच निरुत्तर झाला.

आता या खेळाचे स्वरूप पाहू. कोड्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतात. पहिला शब्दांचा. त्यात श्लेष येतो, तसेच अक्षरांची उलटापालट येते. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य मागून वाचले तरी तेच राहते, हे आपण शाळेत शिकलो. मराठीत आपण अक्षर त्याच्या मात्रेसह उलटवितो. इब्री लेखनात मुख्यतः व्यंजनेच असल्यामुळे तेथे ही गंमत निराळ्या शब्दांत सापडते. ‘शेमेश’, म्हणजे सूर्य, हा शब्द इब्रीत शीन, मेम, शीन असा लिहितात. सूर्य उगवतीकडून वाचा की मावळतीकडून, तोच राहतो.

अक्षरांचा हा खेळ केवळ करमणुकीचा नव्हता. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, पंचविसाव्या अध्यायात, ‘शेशख’च्या राजाचा उल्लेख येतो. नकाशावर हा देश सापडत नाही. इब्री वर्णमालेची बावीस अक्षरे घ्यावी. पहिल्याच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरे, याप्रमाणे अदलाबदल करावी. बेथच्या जागी शीन येतो, लामेदच्या जागी काफ येतो, आणि ‘बाबेल’चे ‘शेशख’ होते. या पद्धतीला ‘अतबाश’ म्हणतात. आलेफ-ताव, बेथ-शीन या पहिल्या दोन जोड्यांवरूनच हे नाव पडले.

दुसरा वर्ग विचारांचा. येथे शब्द सरळ असतात, वाकडी असते ती आपली समजूत. एडवर्ड डी बोनो या माल्टा बेटावर जन्मलेल्या वैद्यकशास्त्रज्ञाने 1967 मध्ये या विचारपद्धतीला ‘लॅटरल थिंकिंग’ असे नाव दिले. मराठीत आपण तिला ‘आडवाटेचा विचार’ म्हणू. त्याने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. एका व्यापाऱ्यावर सावकाराचे कर्ज होते आणि सावकाराचा डोळा त्याच्या मुलीवर. सावकाराने अट घातली की, थैलीत एक काळा आणि एक पांढरा खडा टाकीन. मुलीने एक काढावा. काळा निघाला तर लग्न आणि कर्ज माफ. पांढरा निघाला तर लग्नही नाही आणि कर्जही माफ. खडा काढण्यास नकार दिला तर बाप तुरुंगात. मुलीने पाहिले की, त्याने वाटेवरचे दोन्ही खडे काळेच उचलून टाकले. सरळ विचार करणारा म्हणेल, नकार द्यावा किंवा लबाडी उघडी करावी. मुलीने खडा काढला आणि न पाहताच, हातून निसटल्यासारखा, वाटेवरच्या खड्यांत पाडला. मग ती म्हणाली की, थैलीत उरलेला पाहा, म्हणजे पडलेला कोणता होता ते कळेल. सर्वांचे लक्ष काढलेल्या खड्यावर होते. तिने ते राहिलेल्या खड्यावर नेले.

नाव नवे असले तरी वाट फार जुनी आहे. शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका बाळासाठी आल्या. ना साक्षीदार, ना पुरावा. बाळ कोणाचे, या प्रश्नाला त्या दरबारात उत्तरच नव्हते. राजाने तलवार मागवून निराळाच प्रश्न उभा केला : बाळ जगावे म्हणून त्याच्यावरचा हक्क कोण सोडील? त्याचे उत्तर आईने स्वतःच दिले.

याहून रंजक प्रकरण तल्मूदच्या ‘बेखोरोथ’ या भागात आहे. रब्बी यहोशुआ बेन हनान्या आणि अथेन्सचे पंडित यांचा सामना तेथे वर्णिला आहे. पंडितांनी सांगितले की, आमचे जाते फुटले आहे, ते शिवून द्या. रब्बींनी त्याच दगडाचा तुकडा उचलला आणि म्हटले की, याचा दोरा काढून द्या, लगेच शिवतो. पंडितांनी दोन अंडी पुढे ठेवून विचारले की, काळ्या कोंबडीचे कोणते आणि पांढरीचे कोणते? रब्बींनी पनीरचे दोन गोळे आणून विचारले की, काळ्या शेळीचे कोणते आणि पांढरीचे कोणते? पंडितांनी विचारले, पृथ्वीचा मध्य कोठे आहे? रब्बींनी बोट दाखवून सांगितले, येथे. पटत नसेल तर दोऱ्या आणून मोजा.

या उत्तरांत चमत्कार नाही, शिस्त आहे. प्रश्न आला की आपण उत्तराच्या मागे लागतो. रब्बी आधी प्रश्नाकडे पाहत. प्रश्नात काही अशक्य गृहीत धरले असेल, तर ते त्याच मापाने मोजून परत करीत. व्यापारात, कचेरीत, घरच्या भांडणात आपल्यापुढे असे ‘फुटके जाते’ कितीदा येते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

मात्र प्रत्येक कोडे चांगले नसते. शमशोनाने आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस सोबत्यांना सिंह आणि मध यांविषयीचे कोडे घातले. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांचे पोळे त्याने एकट्यानेच पाहिले होते. विचार करून उत्तर काढणे कोणालाही शक्य नव्हते. सोबत्यांनी नवरीला धमकावून ते मिळविले आणि पैजेची तीस वस्त्रे देण्यासाठी शमशोनाने येथून जवळच्या अश्कलोनात तीस माणसे मारली. म्हणून पहिला नियम हा की, कोड्याची किल्ली कोड्यातच असावी. दुसरा नियम, विशेषतः आडवाटेच्या कोड्यांसाठी : ऐकणाऱ्यांनी हवे तितके प्रश्न विचारावे, घालणाऱ्याने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘त्याचा संबंध नाही’ एवढेच सांगावे. तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे, कारण कोणती वाट सोडावी ते त्यातून कळते. तिसरा नियम, उत्तर सांगण्याची घाई करू नये. मुलाला गप्प बसून विचार करू द्यावे.

रब्बी यहोशुआंची आणखी एक गोष्ट सांगून विषय आवरतो. ती ‘एरुवीन’ या भागात आहे. मोठमोठ्या पंडितांना निरुत्तर करणारे हे गृहस्थ म्हणत की, मला केवळ तिघांनी जिंकले : एका स्त्रीने, एका मुलाने आणि एका मुलीने. मुलाची गोष्ट अशी. दुफाट्यावर तो बसला होता. रब्बींनी गावाची वाट विचारली. मुलाने सांगितले की, ही वाट जवळची पण लांब, आणि ती लांबची पण जवळ. रब्बी जवळच्या वाटेने गेले. गाव समोर दिसू लागले. पण भोवती बागा आणि मळे, आत शिरण्यास मार्ग नाही. ते मागे आले आणि मुलाला म्हणाले की, तू तर जवळची वाट म्हणालास. मुलाने उत्तर दिले की, लांब आहे हेही सांगितले होते. रब्बींनी त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले.

आमच्या घरातही अशा दोन वाटा होत्या. मुलांशी इब्रीतच बोलावे, ही जवळची वाट. तिने कामे झाली. पण मातोश्रींच्या अंगणात शिरता आले नाही. लुगडे पसरून नऊ वार मोजणे, ही लांबची वाट. तिने नातू थेट त्यांच्यापाशी पोहोचला. गेल्या वर्षी मातोश्री देवाघरी गेल्या. त्यांना शेकडो कोडी येत होती. मी लिहून ठेविली ती चौदा. बाकीची मी उद्या लिहीन, उद्या लिहीन म्हणत राहिलो. आपल्या घरी कोणी वडीलधारे असतील, तर उद्याचा भरवसा धरू नका. शब्बाथ संपलेला आहे. आज रात्री लिहिता येईल.

जाता जाता घरी नेण्यासाठी तीन कोडी :

1. माणूस गाव सोडून समुद्रापार गेला, तरी गाव त्याच्याबरोबर आले. तो स्वतःचे नाव पूर्ण सांगतो, तेव्हा गाव आधी येते आणि ‘कर’ मागाहून. पण हा कर कोणत्याही सरकारला भरावा लागत नाही. ते काय?

2. शुक्रवारी रात्री दिवे गेले. शब्बाथ म्हणून कोणी लावले नाहीत. खिडक्या बंद, काळोख गडद. तरी आजोबा शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचीत राहिले. कसे?

3. तीन अक्षरी शब्द, दोन्हीकडून सारखा. एका अर्थाने अंगावर मिरवावा, दुसऱ्या अर्थाने पोटात गेला तर वेड लागावे. कोणता?

उत्तरे : 1. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर यांसारखी आपली आडनावे. 2. आजोबा दृष्टिहीन होते. ब्रेल लिपीतले पुस्तक बोटांनी वाचीत होते. 3. कनक, म्हणजे सोने, आणि धोत्राही.