अनंत (वनस्पती)

अनंत (शास्त्रीय नाव : गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस) हे रुबिएसी कुळातील सदाहरित झुडूप आहे. कदंब, कॉफी व एक्झोरा या वनस्पती याच कुळातील होत. हिंदी व बंगाली भाषांत यास गंधराज म्हणतात. अनंत मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान या प्रदेशांतील. गार्डेनिया हे प्रजातीनाम अलेक्झांडर गार्डन या वैद्य व निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून पडले आहे. महाराष्ट्राच्या पानझडी वनांत आढळणारी डिकेमाली ही याच प्रजातीतील असून तिच्या कळ्यांतून पाझरणारा राळेसारखा डिंक औषधी मानला जातो.

ओळख

पाने समोरासमोर, गडद हिरवी व तकतकीत असतात. पांढरे, अतिशय सुगंधी फूल उमलल्यावर एक-दोन दिवसांत पिवळसर होते. तो रोग नव्हे. एकेरी फुलांच्या झाडास नारिंगी फळे येतात. त्यांतील क्रोसिन हे रंगद्रव्य केशरातही असते. बागांतून सहसा दिसणाऱ्या दुहेरी प्रकारास बहुधा फळ धरत नाही. दुहेरी तगर आणि अनंत यांची पुष्कळदा गल्लत होते. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो.

जमीन व पाणी

अनंतास आम्लधर्मी, भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. सामू ५ ते ६.५ असावा. कोकणातील जांभ्याच्या मातीत तो सहज वाढतो. देऊळगाव राजा व एकंदर बुलढाणा जिल्ह्यातील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहे. ती पावसाळ्यात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे येथे अनंत जमिनीत लावण्यापेक्षा मोठ्या कुंडीत लावणे श्रेयस्कर. लाल माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत समभाग घेऊन त्यात थोडे कोकोपीट मिसळावे. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो आणि माती हळूहळू अधिक अल्कधर्मी होत जाते. शक्य तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

पाने पिवळी पडणे

अनंताची सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच होय; आणि चुकीच्या उपायांनी झाडे मरतात तीही येथेच. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर ती लोहाची कमतरता समजावी. काळ्या मातीत लोह मुबलक असते, परंतु अल्कधर्मी मातीत ते विरघळत नाही व मुळांना घेता येत नाही. म्हणून अधिकाधिक शेणखत किंवा युरिया घालून पाने हिरवी होत नाहीत. चुलीतील राख, चुन्याची निवळी किंवा अंड्याची टरफले कुंडीत टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. इतर झाडांना ती चालत असेलही, पण अनंताला अपायकारक ठरते.

उपाय म्हणून एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून सायंकाळी पानांवर फवारावे व आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. द्रावण ताजेच वापरावे. तांबूस झालेले निरुपयोगी असते. जुनी पाने पूर्ववत होतीलच असे नाही, सुधारणा नव्या पालवीवरून पाहावी. खालची जुनी पाने शिरांमधून पिवळी होत असतील, तर मॅग्नेशियमची उणीव संभवते. माती सतत ओली असून सगळेच झाड मलूल दिसत असेल, तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी पाणी कमी करून कुंडीचे छिद्र तपासावे. तेथे कोणतेही खत देऊ नये.

कळ्या गळणे

उष्ण कोरडी हवा, पाण्यातील अनियमितपणा आणि कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलणे ही मुख्य कारणे आहेत. रात्री फार उष्ण असल्या तर नव्या कळ्या धरणेही मंदावते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा, सकाळचे ऊन मात्र मिळू द्यावे. मातीवर वाळल्या पानांचे आच्छादन घालावे. छाटणी बहर संपताच करावी, कारण पुढील कळ्या नव्या फांद्यांच्या टोकांवर येतात.

कीड व अभिवृद्धी

पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी व खवले कीड रस शोषतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी काजळी बुरशी वाढते. पाने ओल्या फडक्याने पुसून ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. खोडावर मुंग्यांची रांग दिसल्यास कीड शोधावी. नवी रोपे पावसाळ्यात छाट कलमाने किंवा गुटी कलमाने करतात.