नाताळची रोषणाई आणि माझी एक जुनी सूचना

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दवाखान्याची वेळ संपत आली असताना, एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाला ताप नव्हता, खोकला नव्हता. वर्गातल्या मित्राने त्याला नाताळची रोषणाई पाहायला गिरगावात आपल्या आजीकडे बोलावले होते आणि तेथून पुढे सारे वांद्र्याला जाणार होते. पाठवावे की नाही, एवढाच प्रश्न होता. मुलाला अडीच वर्षांपूर्वी दोनदा फिट आली होती. औषध सुरू झाल्यापासून एकदाही आलेली नव्हती. तरीही या काळात गणपतीची आरास त्याने दुरूनच पाहिली, दिवाळीत संध्याकाळी घरातले पडदे ओढलेले असत आणि नवरात्रात सोसायटीतली इतर मुले खाली खेळत असताना तो वर बसे. "तुम्हीच लिहून दिलं होतं ना, डॉक्टर," असे म्हणत बाईंनी फाइलमधला कागद माझ्यासमोर ठेवला. माझ्याच अक्षरात त्यावर लिहिले होते : 'प्रखर दिव्यांपासून जपावे.'

ते तीन शब्द मी कोणत्या घाईत लिहिले हे आता आठवत नाही. सावधगिरीची सूचना लिहायला डॉक्टरला काही पडत नाही; तिची किंमत घर मोजत राहते. त्याच फाइलमध्ये मेंदूच्या विद्युत आलेखाचा, म्हणजे ईईजीचा, अहवाल होता. ही तपासणी करताना रुग्णाच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या गतीने दिवा लुकलुकवतात आणि मेंदू त्याला कसा प्रतिसाद देतो ते पाहतात. या मुलाच्या मेंदूने त्या दिव्याची दखलही घेतलेली नव्हती. मी मेंदुविकारतज्ज्ञांना तेथूनच फोन केला. त्यांनीही जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले.

अपस्मार म्हटला की दिव्यांची भीती, हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसले आहे. प्रत्यक्षात अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांनाच लुकलुकत्या प्रकाशाने झटका येण्याचा धोका असतो. लहान मुले आणि कुमारवयीन यांच्यात हे प्रमाण काहीसे अधिक असते, म्हणूनच तपासणी करून घ्यावी. धोका दिव्याच्या संख्येत नसून त्याच्या उघडझापीच्या वेगात असतो. सेकंदाला तीनपासून तीसपर्यंत उघडझाप करणारा प्रकाश त्रासदायक ठरू शकतो, त्यातही पंधरा ते पंचवीस हा वेग अधिक. स्थिर जळणाऱ्या माळा, कागदी तारे, मेणबत्त्या यांचा त्याच्याशी संबंध नाही. ज्यांना खरोखरच हा त्रास आहे त्यांच्यासमोर असा झगमगाट अचानक आला, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान दुसरीकडे वळवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही. पापण्यांमधूनही प्रकाश आत जातो. या मुलाच्या बाबतीत मला अधिक काळजी होती ती वेगळ्याच दोन गोष्टींची : रात्रीची गोळी चुकणे आणि जागरण. फिट परत येण्याची ही फार सामान्य कारणे आहेत. म्हणून गोळी खिशात ठेवून वेळेवर द्यायची आणि दहापर्यंत घरी परतायचे, असे ठरले. सोबत आजोबा जाणार होते. त्यांना मी प्रथमोपचार सांगितला : झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये, कांदा आणि चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे.

आजोबांचा खरा आक्षेप निराळाच होता. "आपले सण काय थोडे आहेत?" मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती, मग संक्रांत, हे त्यांनी बोटांवर मोजले. मी वाद घातला नाही. औषधाच्या कागदावर उत्तर लिहावे असा हा प्रश्न नव्हता.

जानेवारीत ते रक्तदाब तपासायला आले, तेव्हा त्या संध्याकाळचा सगळा वृत्तांत मला त्यांच्याचकडून ऐकायला मिळाला. खोताच्या वाडीत शिरताच त्यांना दारोदारी टांगलेले तारे दिसले. बांबूच्या कामट्या, त्यावर चिकटवलेला पातळ कागद, आत दिवा. जवळ जाऊन त्यांनी सांधे पाहिले. त्यांच्या चाळीत आकाशकंदील असेच बांधत असत. मित्राची आजी ईस्ट इंडियन. मुंबई, ठाणे, वसई या भागांतले हे मूळचेच रहिवासी. घरात मराठीचीच बोली बोलतात. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्या संघटनेसाठी घेतले. आजोबांना वाटत होते की हे लोक कुठून तरी बाहेरून आले असावेत! ताटात कुलकुल होते. मैद्याच्या पिठाचा गोळा कंगव्याच्या दात्यांवर दाबून त्याची गुंडाळी करायची आणि तळायची. मुलाने तेथे बसून ते स्वतः वळले. आणि ओले-सुके खोबरे घातलेली करंजी होती, जिला त्या आजी 'नेवरी' म्हणाल्या. आजोबा मालवणकडचे. त्यांच्या आईनंतर हा शब्द त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. हे सांगताना ते थोडे थांबले. रक्तदाब मी पाच मिनिटांनी मोजला.

वांद्र्याच्या हिल रोडवर मात्र गर्दी फार होती आणि हवाही जड. थंडीच्या दिवसांत संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच साचते. वाहनांचा धूर आणि धूळ त्यात अडकून राहते. दमेकऱ्यांनी अशा वेळी आपला पंप जवळ ठेवावा आणि शक्य तर अंधार पडता पडताच फिरून यावे. आणखी एक गोष्ट पालकांनी गांभीर्याने घ्यावी. रस्त्यावर विकत मिळणाऱ्या लुकलुकत्या टोप्या, अंगठ्या आणि खेळणी यांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. उलटी करवू नये, वाट पाहू नये. नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे. अपस्माराच्या मुलाला दिव्यांपासून जपणाऱ्या घरांत धाकट्या भावंडाच्या हातात हे खेळणे मी पाहिले आहे.

परतीच्या वाटेवर नातवाने आजोबांना विचारले, की सगळ्यांचे दिव्यांचे सण अंधारातच का येतात. आजोबांनी तो प्रश्न माझ्याकडे आणला. उत्तराचा काही भाग पंचांगात आहे. नाताळ येतो वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास. ज्यूंचा हनुक्का किसलेव या चांद्र महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी सुरू होऊन आठ दिवस चालतो, म्हणजे आपल्या दिवाळीप्रमाणेच अमावास्येला वेढून बसतो. रोज एक दिवा वाढत जातो. उत्तर युरोपात डिसेंबरात दिवस जेमतेम सहा-सात तासांचा असतो आणि तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना या काळात खरोखरच उदासीनतेचा आजार जडतो. मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास भरतो, तेव्हा आपल्याला ती निकड कळणे कठीण. तरीही एकट्या माणसाची संध्याकाळ लांबतेच. पत्नी गेल्यापासून आजोबाही दिवे लागल्यावर बाहेर पडत नसत, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली.

हनुक्काचा विषय निघताच त्यांना कचेरीतले एक बेने इस्रायली सहकारी आठवले. हे लोक मूळचे कोकणातले, घाण्यावर तेल काढणारे. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली'. त्यांची बोली मराठीच. थंडी सरता सरता ते वृक्षांचे नववर्ष पाळतात आणि पोहे, खोबरे व फळे घातलेला मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्या दिवशी त्यांची यात्रा असते. आजोबांनी त्या सहकाऱ्याला दहा वर्षांनी फोन केला होता.

मुलाच्या फाइलमधला तो कागद मी मागवून घेतला आणि त्या ओळीवर काट मारून खाली तारखेसह सही केली. चार दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन आला. खंडाळ्याला गेटवेवरून बोटीने जायचे ठरत होते आणि मुलाला बोट लागते. गोळी उलटून पडली तर दुसरी द्यायची का, असे त्या विचारत होत्या. बोटीत बसण्याच्या निदान दोन तास आधी सकाळची गोळी द्या, असे मी सांगितले. आणि घेतल्यानंतर लगेच उलटी झालीच, तर दुसरी देण्याआधी मला फोन करा.