रोजचा भाव आणि माणसाचे मोल

धान्याचा भाव सकाळी एक व सायंकाळी दुसरा असतो, हे आपणा व्यापाऱ्यांस नवीन नाही. परंतु त्या भावाबरोबर आपण स्वतःच्या मनातील स्वतःचे मोलही चढवीत-उतरवीत असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. तेजीत छाती फुगते. मंदीत घरी जेवावयास बसल्यावरही कोणाशी बोलवत नाही. असे का होते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८९० साली स्वाभिमानाचे एक सरळ गणित मांडले. मिळालेल्या यशास आपल्या अपेक्षांनी भागावे. येईल तो स्वाभिमान. म्हणजे यश वाढविल्याने तो जसा वाढतो, तसाच अपेक्षा आटोक्यात ठेवल्यानेही वाढतो. पुढे १९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग यांनी दहा विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती स्वाभिमानाची सर्वसाधारण पातळी दाखविते. ही पातळी दिवसागणिक किती हलते, हा प्रश्न मायकेल कर्निस यांनी हाती घेतला. त्यांनी लोकांस काही दिवस, दिवसातून दोन वेळा, 'या घटकेस स्वतःविषयी काय वाटते' याची नोंद करावयास लावली. आपल्या भाषेत, त्यांनी ताळेबंदावर न थांबता रोजमेळ तपासला.

१९८९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मननीय आहे. ज्यांचा स्वाभिमान उंच पण अस्थिर, त्यांच्या ठायी राग व वैरभाव सर्वांत अधिक आढळला. ज्यांचा उंच आणि स्थिर, त्यांच्या ठायी सर्वांत कमी. कमी स्वाभिमानाची माणसे या दोहोंच्या मध्ये होती. कारण उघड आहे. ज्याचे मोल आजच्या नफ्यावर वा लोकांच्या वाहवेवर टेकलेले असते, त्यास प्रत्येक टीका तिजोरीवरील दरोड्यासारखी वाटते. मग तो गुमास्त्यावर ओरडतो, भागीदाराशी अबोला धरतो.

आपल्या सुरतेचेच उदाहरण घ्या. सतराव्या शतकात येथे वीरजी व्होरा हे जैन व्यापारी मिरी व इतर मालाचा मोठा व्यापार करीत. इंग्रज कंपनीसही कर्ज देत. जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वारीत त्यांचे घर लुटले गेले. तरीही पुढच्याच वर्षीच्या इंग्रजांच्या कागदपत्रांत, व्होरा अद्याप मान ताठ ठेवून मोठ्या सौद्यांस सिद्ध आहेत, अशा आशयाची नोंद सापडते. द्रव्य गेले, पण व्यवहाराची जाण आणि दिल्या शब्दाची पत घरात पुरलेली नव्हती, म्हणून ती लुटली गेली नाही.

यावरून कोणी अहंकारास स्वाभिमान समजू नये. आपल्या शास्त्रांनी मान हा चार कषायांपैकी एक मानला असून, आठ मदांत ऋद्धीचाही मद गणिला आहे. अहंकार दुसऱ्याच्या तराजूत स्वतःस तोलतो. स्थिर स्वाभिमानास त्या तराजूची गरज पडत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक म्हणजे लाभ-हानी, स्तुती-निंदा यांकडे समभावाने पाहण्याचा अभ्यासच होय. आठवड्यातून एकदा जरी तो दुकानाची चिंता बाहेर ठेवून केला, तरी मनाची चढउतार ओळखता येऊ लागते.

शेवटी एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. पेढीवर नव्याने बसलेल्या मुलाचा एखादा सौदा तोट्यात जातो, तेव्हा त्या सायंकाळी आपण काय बोलतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. 'सौदा चुकला' असे म्हटल्यास तो हिशेब शिकेल. 'तूच नालायक' असे म्हटल्यास तो आपले मोल बाजारभावाशी बांधून घेईल. सौद्याचा तोटा त्या सौद्याच्या खात्यातच लिहावा, मुलाच्या नावावर लिहू नये. पेढी पुढच्या पिढीच्या हाती सोपविताना रोख शिल्लक मोजली जातेच. तिच्याबरोबर हे न डळमळणारे मनही सोपविता आले, तर त्या पिढीस मंदीचे भय उरणार नाही.