पूर ओसरल्यावर भिंत का पडते?

सोलापूर म्हटले की आपल्याला दुष्काळ आठवतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात सीना नदीने पात्र सोडले. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील काठच्या गावांत पाणी शिरले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने पंढरपूर परिसराला असाच तडाखा दिला होता.

पूर आला की माणसे शाळेत, देवळात आसरा घेतात. पाणी उतरताच धान्य, कागदपत्रे, गुरे पाहायला घराकडे धावतात. पुष्कळ घरे पडतात ती नेमकी याच वेळी. असे का व्हावे?

या भागातील जुनी घरे दगड-मातीची, वर माळवद. म्हणजे तुळयांवर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या प्रदेशात हे घर सोयीचे. पुरात मात्र तीच माती घात करते.

एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहू. दोन ग्लासांत पाणी घ्या. एकात वाळलेले मातीचे ढेकूळ, दुसऱ्यात भाजलेल्या विटेचा तुकडा टाका. दोन्हींतून बुडबुडे येतील, पण काही वेळात ढेकूळ विरघळून तळाशी बसेल. मातीच्या छिद्रांत पाणी शिरते, कोंडलेली हवा कणांना बाहेर ढकलते आणि कणांची पकड सुटते. विटेत भट्टीच्या उष्णतेने कण कायमचे जोडलेले असतात, म्हणून ती टिकते.

आता थोडे गणित. भिंतीला एका बाजूने १ मीटर खोल पाणी लागले, तर दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो वजनाइतका रेटा पडतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. पाणी घरातही शिरले की दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना तोलतात. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरले की हा तोल जातो. आतले पाणी आणि भिजलेले जोते भिंतीला बाहेर ढकलतात, आणि भिंत तर आधीच मऊ झालेली असते.

वर माळवदाचे ओझे वाढलेले असते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरील मातीत ५ सेंटिमीटर पाणी मुरले, तर वजन साडेपाचशे किलोंनी वाढते. शिवाय काळी जमीन भिजली की फुगते व वाळली की आकसते. त्यामुळे काही आठवड्यांनीही पाया खचून तडे जाऊ शकतात.

म्हणून भिंतीला फुगवटा, नवी भेग किंवा तुळईपाशी फट दिसली, तर त्या घरात झोपू नये. विजेचे मुख्य बटण बंद असल्याची खात्री करावी. विहिरीचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नये.

आणि शाळेच्या भिंतीवर पाणी चढले असेल, तर तिथे तारखेसह रेघ मारून ठेवावी. पुढच्या पुराच्या वेळी विद्यार्थ्यांना आणि गावालाही ती रेघ उपयोगी पडेल.