धातूचा शिपाई आणि खर्ड्याचे रण

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. हे मावळे एकदा उभे केले म्हणजे दिवाळी संपेपर्यंत जागचे हलत नाहीत. पाश्चात्त्य देशांत मात्र अशी चिमुकली सैन्ये हलवून लढाई खेळण्याचा छंद प्रौढांतही रूढ झाला. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून या खेळाचे नियम सांगितले. मेजावर टेकड्या व ओढे मांडावयाचे, फासे टाकावयाचे, पट्टीने अंतर मोजून पलटण पुढे सरकवावयाची आणि इतिहासातील एखादी लढाई पुन्हा लढून पाहावयाची, असे त्याचे आजचे स्वरूप आहे. यातील शिपाई पुष्कळदा धातूचा असतो. त्याची उंची सामान्यतः 28 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. तो बहुधा कोराच मिळतो; त्याला रंग देण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे.

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला या खेळासाठी लढाई निवडावयाची झाली, तर ती दूर युरोपात शोधण्याचे कारण नाही. 11 मार्च 1795 रोजी खर्डा येथे निजाम अलीखानाचे व मराठ्यांचे सैन्य समोरासमोर आले. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सेनानीने तयार केलेल्या कवायती पलटणी होत्या. मराठ्यांचे सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते आणि त्यांच्या बाजूस डी बॉइनने उभारलेल्या शिंद्यांच्या पलटणी पेरन या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या हाताखाली लढत होत्या. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले व तह करावा लागला, हे सर्वश्रुत आहे. रेमंड 1798 साली मरण पावला. त्याची समाधी हैदराबादेत आहे, मूसारामबाग हे नाव त्याच्याच नावावरून पडले असे सांगतात, आणि त्याच्या तोफांच्या कारखान्याची आठवण गनफाउंड्री हा भाग आजही देतो.

अडचण पडते ती शिपायांची. नेपोलियनच्या काळातील युरोपी सैनिक हवे तितके मिळतात. खर्ड्याचा शिपाई मिळणे कठीण. म्हणून अठराव्या शतकातील एखादा युरोपी बंदूकधारी घेऊन त्याचेच रूपांतर करावे लागते.

प्रथम सोनाराच्या बारीक करवतीने त्याची टोपी कापून काढावी. पायांतील गेटर व बूट कानशीने घासून पोटरी व पाऊल मोकळे करावे; कारण त्या काळच्या चित्रांतील हिंदी शिपाई बहुधा युरोपी बुटांत दिसत नाहीत. हात वा मान फिरवावयाची असल्यास तो भाग कापून, दोन्ही तोंडांना हातगिरमिटाने बारीक भोक पाडून, मध्ये पितळी तारेचा तुकडा बसवावा व मग चिकटवावे. नुसत्या डिंकावर जोडलेला हात खेळताना पहिल्याच धक्क्याला गळून पडतो.

पागोटे करावयाचे ते दोन भाग एकत्र मळून घट्ट होणाऱ्या लुकणाचे. मळलेल्या लुकणाची दोऱ्यासारखी वळी करून ती डोक्याभोवती गुंडाळावी आणि ओल्या सुईने घड्या उठवाव्यात. हैदराबादच्या उन्हाळ्यात हे लुकण लवकर आवळते. तेव्हा एका वेळी दोन-तीन शिपायांपुरतेच मळावे.

नंतर साबणाच्या पाण्याने धातूचा तेलकटपणा घालवून अस्तराचा पातळ हात द्यावा. रंग नेहमी पातळ करून दोन-तीन हातांनी चढवावा. जाड रंगाने नाकडोळे बुजतात. कातडीसाठी परदेशी पुस्तकांतील गुलाबी मिश्रण येथे निरुपयोगी आहे. तांबूस तपकिरी रंगावर गेरू व पिवळी माती यांच्या छटांनी गाल, नाक व पोटऱ्या उजळाव्यात. डगल्याचा लाल रंग उजळताना त्यात पांढरा मिसळू नये, तो गुलाबी होतो. किंचित नारिंगी मिसळावा. घड्यांच्या खोलीत पातळ तपकिरी रंग सोडला की सावली आपोआप पडते. शेवटचे रोगण मात्र पावसाळी हवेत फवारू नये. त्यावर पांढुरका धूसरपणा येतो आणि सारे श्रम वाया जातात.

एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. जुन्या शिपायांच्या धातूत शिसे असते आणि शिसे विषारी आहे. कानस चालविताना नाकातोंडावर पट्टी असावी, कीस ओल्या कागदाने पुसून टाकावा, जेवणाच्या मेजावर हे काम करू नये व नंतर हात स्वच्छ धुवावेत. लहान मुलांच्या हाती असा शिपाई देऊच नये. अलीकडे कथिलप्रधान, शिसेविरहित मिश्रणाचेही शिपाई मिळतात. ते घेणे बरे.

आता प्रश्न उरतो तो हा शिपाई कोणाचा, याचा. लाल डगला दोन्हीकडच्या कवायती पलटणींत होता. कवायत दोघांचीही युरोपी, बंदूकही त्याच धर्तीची. ओळख पटावयाची ती निशाणावरून: रेमंडच्या पलटणींवर फ्रेंच प्रजासत्ताकाचा तिरंगा, तर डी बॉइनच्या पलटणींत त्याच्या सॅव्हॉय प्रांताचा पांढरा क्रूस. त्यातही मौज अशी की, शिंद्यांच्या या शिपायांना ‘तेलंगे’ म्हणत, कारण युरोपियनांनी आरंभी कवायत शिकविलेल्या शिपायांत तेलुगू मुलखातील लोक पुष्कळ होते. आणि निजामाच्या पदरी रावरंभा निंबाळकरांसारखी मराठी घराणी होती. मराठ्यांच्या बाजूने तेलंगे व हैदराबादच्या बाजूने मराठे, असे हे सैन्य होते.

दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू उभा करावा लागत नाही. या खेळात तो करावा लागतो, आणि त्याचे पागोटेही तितक्याच काळजीने गुंडाळावे लागते. एरवी मेजावरची लढाई खोटी ठरते. एकाच साच्यातून निघालेले दोन शिपाई हातात घेऊन कोणाच्या पलटणीला कोणते निशाण द्यावे याचा विचार करणारा माणूस खर्ड्याचा इतिहास निराळ्या दृष्टीने वाचू लागतो. जय-पराजयाच्या गोष्टीत हरविलेला साधा शिपाई त्याला तेथे भेटतो. एक इंच उंचीच्या धातूकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही.